नवरी म्हणून टिपलेला फोटो

फेझ, मोरोक्को, ४ मार्च

झहूरताई,

वर्षभर लिहिलं नाही, माफ कर.

भाऊजी गेल्यावर तू रिवाजाप्रमाणे पांढऱ्या कपड्यांत सुतक पाळत होतीस. तेव्हा चामडं रंगवायचे हौद दाखवायला मी एका परदेशी फोटोग्राफरला शेजारच्या बतूलच्या गच्चीवर नेलं. ती घरी नव्हती. समोर आपल्या गच्चीवर तू दिसलीस. पांढरे कपडे बघून त्याने विचारलं, "नवरी का?"

मी म्हणालो, "हो. घ्या ना!"

पुढे तो फोटो एका हॉटेलात लागला, अजून तिथेच आहे. खाली लिहिलंय, 'फेझची आनंदी नवरी'.

फोटो बतूलच्या गच्चीवरून काढलेला, हे ओळखून तू तिच्यावर ओरडलीस, "मेले, माझं दुःख विकलंस!"

ती मला म्हणाली, "तू तरी सांग रे, गाईडसाहेब! मी घरात होते का?"

मी गप्प राहिलो. तू गल्ली सोडून लेकीकडे रबातला गेलीस.

लाजेने गप्प बसलो, असं इथे आधी लिहिलं होतं. ते खोडतो. गिऱ्हाइकं तुटतील म्हणून गप्प बसलो. हौदांच्या दुर्गंधीत वाढलो, कधी मळमळलं नाही. हल्ली दाढी करताना आरशात बघून मळमळतं.

तुझा भाऊ,
इद्रीस

उद्या: बतूलला सगळं सांगून, तिला घेऊन रबातची सकाळची गाडी पकडणे.