प्लेटांखालचं गवत

वाडी, ता. जत
९ मार्च २०२५

चि. अपेक्षास,
दादाचे अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा सोडला तर इकडे सगळे ठीक आहोत.

तू प्रोफेसर झालीस म्हटल्यावर आईने सगळ्या आळीत साखर वाटली. तू नेमकं काय शिकवतेस हे तिला अजून सांगता येत नाही. कोणी विचारलं की म्हणते, "उनाची न् वाऱ्याची किंमत काडती." मी सुधारायला जात नाही. विजेचं आणि पर्यावरणाचं अर्थशास्त्र हे माझ्याही तोंडात बसत नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू हसतेस आणि माझं बोलणं राहून जातं.

तर यंदा बिरोबाच्या यात्रेला येऊ नकोस. ऊन फार आहे. तुझ्या वहिनीला माहेरी जायचंय. तुझ्याही परीक्षा असतीलच. यात्रेतल्या तुझ्या सत्काराचं पुढच्या वर्षी बघू.

हे वाचून तू डोळे बारीक केले असशील. तुझ्यापुढे माझी एकही थाप कधी टिकलेली नाही, म्हणून खरं काय ते लिहितो.

मागच्याच्या मागच्या दिवाळीला तू आलीस, तेव्हा गायरान सोलर कंपनीला द्यायचं की नाही यावर गावात वाद चालू होता. चहा पिताना तू म्हणालीस, परदेशात प्लेटांखाली गवत वाढतं, मेंढ्या तिथेच चरतात, कंपनीचंही भागतं आणि मेंढक्यांचंही. तू पुण्याला गेलीस. मग ग्रामसभा झाली. अर्जुनातात्या एकटे आडवे आले, कारण सगळ्यांत मोठा कळप त्यांचा. मला राहवलं नाही. मी सगळ्यांना देवळात नेलं आणि बिरोबासमोर भंडारा उचलून शपथ घेतली, की चराई बंद होणार नाही, माझी बहीण यातली जाणकार आहे. भंडारा उचलला की आपल्यात पुढे कोणी बोलत नाही. त्यामुळे करारात काय लिहिलंय ते वाचायचंही राहिलं.

आता गायरानाला चारी बाजूंनी तार आहे. गवत मात्र तू म्हणालीस तसंच आलंय, चांगलं गुडघाभर. ते कापायला मशीन येतं. आपल्या मेंढ्या मी रस्त्याच्या कडेने चारतो. तात्यांनी त्यांच्या विकल्या.

मी त्यांच्या पाया पडायला गेलो होतो. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "बिरदेवा, शिकल्याली पोर बोलली म्हून म्या गप बसलो रं. तुझ्यासाठनं न्हवं."

दरवर्षी मी वाजवतो तो यात्रेतला ढोल यंदा मला कोणी दिलेला नाही. माझं मी सोसेन, पण तुला कोणी समोर काही बोललं तर ते मला सोसणार नाही. फार वाईट वाटतं गं. चूक तुझी नाही, तू चहा पिता पिता बोललीस. तरी वाईट वाटतं.

एकच विचारतो. प्लेटांखाली चरणाऱ्या त्या मेंढ्या तू स्वतः पाहिल्या होत्यास, की कुठे वाचलं होतंस? तात्यांना काय सांगायचं ते मी बघेन. मला मात्र खरं लिही.

तुझ्या शब्दावर भंडारा उचललेला,
तुझा दादा
बिरदेव