कपडे वाळवायच्या कपाटातून निघालेली मी

मावशी, तुझ्या पायावर डोकं ठेवते, आणि ते उचलायला वेळ नाही म्हणून तसंच ठेवून पुढचं लिहिते. गुडघा कसा आहे? शेकतेस ना? इकडे सगळं ठीक आहे, फक्त जरा दुप्पट आहे. बसून वाच.

तुला माहीतच आहे, मी त्या प्रयोगशाळेत साहेबलोकांचे कोट धुते. सोमवारी सकाळी कपडे वाळवायचं मशीन बंद पडलं. कोपऱ्यात नवीन कपाट आलेलं, आत छान गरम वारा, दारावर काहीतरी लिहिलेलं (एवढं बारीक वाचायची हौस असती तर मी शाळा कशाला सोडली असती?). मी ओले कोट आत कोंबले, तर पलीकडून कुणीतरी ओढायला लागलं! मी घासून धुतलेला कोट कुणी फुकट नेईल आणि मी सोडीन? ती ओढते, मी ओढते, आणि शेवटी कोटाबरोबर बाहेर कोण आली? मीच! हनुवटीवर तोच व्रण, तीच उसवलेली बाही, आणि माझ्या कमरेवर आहे तशीच तिच्याही कमरेवर आपली तान्ही ढमी. आणि वर मलाच विचारते, "कोट चोरतेस होय गं?"

टकलू साहेब धावत आले. मी म्हटलं, तुमच्या उंदरांसारखी माझी झेरॉक्स कुणी काढली? तर म्हणे, हा क्लोन नाही, क्लोन आम्ही बनवतो, ही शेजारच्या दुनियेतली अस्सल बाई आहे. म्हणजे मी काय नकली? (त्यावर ते चष्मा पुसायला लागले. शिकलेला माणूस चष्मा पुसायला लागला की समजायचं, वाट लागली.) दार आता शनिवारी एकदाच उघडणार, मग कायमचं बंद. तोवर हिला घरी ठेवा म्हणाले.

ठेवली. वाईट नाही गं, माझ्याइतकीच कजाग आहे. नवऱ्याला तर पत्ताच लागला नाही. तिने केलेला चहा पिऊन म्हणतो, आज चहा जमलाय. तीन वर्षांत मला कधी म्हणाला नाही मेला!

आता खरं सांगते. तू घाबरू नको, मी घाबरलेय तेवढं पुरे. दोन ढम्या मिसळू नयेत म्हणून मी धुण्याच्या कपड्यांना करते तशी खूण केली, माझ्या ढमीच्या झबल्याला लाल दोऱ्याचे तीन टाके. तिला सांगितलं नाही, उगाच वाईट वाटेल. तिनेही मला न सांगता आपल्या ढमीच्या झबल्याला घातले. लालच. तीनच. (डोकं एकच ना!) मग काल पाणी तापलेलं बघून दोघींच्या मनात एकदमच आलं, की पोरींना एकाच टबात अंघोळ घालू. घातली. झबली काढून. पुसून झाल्यावर एकेक पोरगी हातात धरून आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो.

तीळ दोघींना डाव्याच पायावर. हाक मारली तर दोघी वळतात. साहेबांनी रक्त तपासलं, म्हणे अगदी सारखं (एवढं शिकून मला दिसतंय तेच सांगितलं). एकीला उराशी धरते, वाटतं हीच. दुसरीला धरते, वाटतं हीच. आई असून मला कळत नाही मावशी, हे कुणाला तोंड वर करून सांगू? शनिवारी ती चुकून माझी घेऊन गेली, तर जन्मभर मला कळणारसुद्धा नाही.

असो. औषध वेळेवर घे.

तुझी, इकडचीच, भाची

ता. क. गुडघा दुखला तरी शुक्रवारी ये. तुझी ती छप्पर उडवणारी शिंक आली की ढमी खदखदून हसते, आठवतं? तिकडच्या ढमीने ती कधी ऐकलेली नाही. मी तुझ्यासारखं शिंकून बघितलं, दोघी रडल्या. मिरपूड आणून ठेवलीय.

ता. क. आणखी एक. तिने का ऐकली नाही, ते वर लिहायचा धीर झाला नाही. तिकडची तू, ढमी जन्मायच्या आधीच तापाने गेलीस. ही माझ्या खांद्यावरून वाचतेय आणि सारखी म्हणतेय, गुडघ्याला शेक म्हणावं. शुक्रवारी दार तीच उघडेल, मी मुद्दाम मागे थांबेन. किंचाळू नको. आधी तिला जवळ घे. शिंकायचं नंतर.