न घेतलेलं नाव

डोळखांब, ता. शहापूर
दि. ९ एप्रिल २००४

चंदाताय,

तुला कमळचा नमस्कार. भाऊजींना, ज्ञानूला नि त्याच्या बायकोला पण सांग. इकडे सगळी बरी आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. ह्यांचा गुडघा धरलाय, तेवढं सोडून बरीच आहेत. तू धर्माकाकाच्या हाती पाठवलेल्या कैऱ्या पोचल्या. वाटेत त्यानं चार खाल्ल्या असं स्वतःच कबूल केलं. म्हणजे आठ तरी खाल्ल्या असतील.

माझ्या सरिताचं लग्न दोन मेला धरलंय. पोरगा आटगावचा, कल्याणला कंपनीत जातो, स्वभावानं गरीब वाटला. माणसं चांगली आहेत, फक्त घाई फार. व्याही म्हणाले, "धवळारीन कशाला? आमच्याकडं कॅसेट लावतात, अर्ध्या तासात मोकळे." मी म्हटलं, तुमी अर्ध्या तासात मोकळे, पण आमच्या मेलेल्यांनी काय करायचं? मग त्यांना समजावलं, की आमच्याकडं हळदीच्या आधी मांडवात धवळारीन बसते. ती गाऊन घरातल्या एकेका मेलेल्या माणसाला नावानं बोलावते, नि नावागणिक घरची बाई पळसाच्या पानावर चिमूटभर तांदूळ ठेवते. सगळी आली की मग पोरीला हळद लागते. व्याही म्हणाले, "बरं बरं, मग लवकर बोलवा."

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू विचारलंयस, आयेच्या मागं आता सरिताला धवळे कोण गाणार, नि हल्लीच्या गाणाऱ्यांना आयेच्या नखाची तरी सर येईल का. पुढं लिहिलंयस, "आयेचं एवढं नाव, पण तीसुद्धा शेवटी चुकलीच. तिच्यापेक्षा तूच गा. तुझं काळीज चांगलं आहे."

ह्या शेवटच्या ओळीनं मी ताटावरून उठले बघ. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर नीट देते. लांबेल, पण वाचायचं सोडू नको.

गेल्या आठवड्यात आसनगावला एका हळदीला गेले होते. मांडवात बाई नाय, दोन मोठाले डबे माणसाहून उंच, नि त्यातून कॅसेट. गाणारी पोरगी कोण कुठली देव जाणे, पण गळा म्हणजे नुसता मध गो! खोटं कशाला बोलू? आपल्या आयेचा गळा असा कधीच नव्हता. सुकं गवत विळ्यानं कापावं तसा तिचा आवाज. धर्माकाका माझ्या बाजूला बसला होता, तो म्हणाला, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. ह्यांना कसलं गाणं येतंय?" मी म्हटलं, काका, उगाच नावं ठेवू नका, येतंय तिला. तुमचे कान म्हातारे झाले.

पण नावं घ्यायची वेळ आली तेव्हा ती डब्यातली बाई म्हणते, "या हो आजे, या हो पणजे." अगो, कुणाचे आजे? कुठल्या पाड्यावरचे? नवरीची आजी पुढ्यात पान घेऊन बसली होती, मुठीत तांदूळ. बिचारीला वाटलं, आता माझ्या नवऱ्याचं नाव येईल, मग येईल. कॅसेट संपली. पोरांनी उलटी करून घातली नि नाचायला लागली. म्हातारी तशीच बसून. मला तिच्या मुठीकडे बघवेना. मी न जेवता उठून आले, लोकांना वाटलं मानपानावरून रुसले.

आता आयेचं ऐक. डोळखांबपासून पार तुमच्या मुरबाडच्या वेशीपर्यंत किती घरांचे मेलेले तिला पाठ होते! अक्षर येत नव्हतं, तरी कधी एक नाव गळलं नाय. म्हणायची, "नाव गाळलं तर तो जीव मांडवाबाहेर उभा राहतो गो. आतली जेवतात, तो बघतो." लहानपणी आपण मांडवाच्या दाराशी जायला घाबरायचो, आठवतंय?

माझं लग्न आठव. कोंडूला सापाचं पान लागून नऊ महिने पण झाले नव्हते. सोळा वर्षांचा आपला भाऊ. मांडवात आय आज्याला बोलवून झाली, आजीला बोलवून झाली, नि सगळ्या बाया खाली बघायला लागल्या. कुणीतरी हळूच म्हणालंसुद्धा, "राहू दे जना, आजच्या दिवशी नको." आयेनं तिच्याकडे बघितलं नाय. कोंडूचं नाव घेतलं, लांबवून घेतलं, नि स्वतःच्या हातानं पानावर तांदूळ ठेवले. आवाज हलला नाय. मग पुढचं नाव. हळद लागल्यावर गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीला कपाळ लावून उभी राहिली, ते मी पाहिलं. तू पण पाहिलंस.

तर ताय, सर येईल का, तर नाय येणार. गळ्याची येईल, उद्या आयेहून शंभरपट गोड गाणाऱ्या निघतील, निघू देत. पण जे नाव घेताना जीभ जळते, तेच नाव घ्यायला ज्या बायका मांडवात बसायच्या, त्या गेल्या. मी त्यातली नाय. हे मी कॅसेटवालीबद्दल नाय सांगत, माझ्याबद्दल सांगते.

तुझ्या ज्ञानूच्या लग्नाला पाच वर्षं झाली. त्या दिवशी आयेचा घसा बसला होता, म्हणून मी गायला बसले नि आय माझ्या मागं. ती कानात नाव सांगायची, मी गायची. तुझे सासरे झाले, सासू झाली, दीर झाला. तू समोर पान घेऊन बसली होतीस नि पुढच्या चिमटीतले तांदूळ तू आधीच उचलून धरले होतेस. मी पुढं गेले. ग्रामदेवाला हात जोडले नि गाणं उरकलं. तुझी लेक राहिली.

तू विचारलंस, "माझी पोर?" नि मी साऱ्या मांडवासमोर म्हटलं, "आयेनं सांगितलंच नाय." आयेनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "इसरली मी. म्हातारी झाली." तू तिला काय बोललीस ते मला रोज ऐकू येतं. "साऱ्या मुलखाची मेलेली तुला ध्यानात, नि माझी एवढीशी पोर तेवढी नाय?" ते तांदूळ तू पदराच्या गाठीला बांधलेस नि त्या दिवसापासून आयेच्या हातचं पाणी घेतलं नाहीस.

ताय, आयेनं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा माझ्या दंडाला चिमटा काढून. मी ऐकलं नि गिळलं.

का गिळलं, ते आता सांगते.

पोर माझ्याकडं सुट्टीला आली होती. आठ वर्षांची. आयेच्या मागं बसून धवळे धरायची. आय म्हणायची, "गळा चंदाचा, ध्यान माझं. ही माझ्या मागची." मला जरा लागायचंच ते. मी एवढी वर्षं आयेजवळ राहून गाते, नि मागची ही का? त्या दिवशी सकाळी आमी दोघी नदीवर धुणं घेऊन निघालो. तुला मी सांगितलं होतं की चुलीवर भात होता, तो उतरवायला मी मागं राहिले. चुलीवर काही नव्हतं. धर्माकाकाच्या पुतण्यानं मुंबईहून टेप आणला होता. आदल्या दिवशी त्यानं माझं गाणं त्यात भरलं होतं, नि तो दारातून ओरडला, "मावशी, ऐकायचं का?" मी पोरीला म्हटलं, "हो पुढं, मी आलेच."

आलेच म्हटलं नि बसले. माझाच आवाज, ताय. तो डब्यातून कसा वेगळा, कसा गोड ऐकू येत होता! म्हटलं, आता कळेल आयेला. एकदा ऐकलं, मग परत लाव म्हटलं. किती वेळ गेला, मला कळलं नाय. नदीवर पोचले तेव्हा धुणं दगडावर होतं, पोर नव्हती, नि माझं लुगडं डोहात गेलेलं, ते काढायला ती उतरली असणार. माझं लुगडं गो.

पुतण्या तेव्हाच मुंबईला परत गेला, त्याला काही समजलं नसेल. कुणी विचारलं नाय. भात भात म्हणत अठरा वर्षं काढली. फक्त आयेला ठाऊक होतं. त्या सकाळी घरातली चूल तिनं स्वतः विझवली होती.

आता तूच सांग, ज्ञानूच्या मांडवात मी तिला कुठल्या तोंडानं बोलावू? आपल्यात नाव घेतलं की माणूस येतो. ती येणार, ओल्या परकरानं येणार नि माझ्याकडे बघणार, असं वाटलं मला. भ्याले. नि भ्याले ती भ्याले, वर आयेचा बळी दिला.

त्या दिवशी परतताना मी वाटेत रडायला लागले. म्हटलं, आये, तू का आपल्यावर घेतलंस? ती म्हणाली, "मी आज हाय, उद्या नाय. चंदाला तू लागशील, तुला चंदा." मग पुष्कळ पुढं गेल्यावर, चढ संपल्यावर म्हणाली, "पण घे कधीतरी तिचं नाव. पोर भायेर उभी हाय." त्यानंतर आय कुठल्या मांडवात गायली नाय. लोकांना वाटलं, आठवण गेली म्हातारीची. बोलवणं बंद झालं. लग्नसराईत ती ओटीवर बसून तोंडातल्या तोंडात नावं म्हणायची, एकापाठी एक, सगळी बरोबर. मी आतून ऐकायची.

पौषात ती गेली. शेवटचे चार दिवस दारातलं कुत्रं हललं तरी विचारायची, "चंदा आली?" मी तेव्हा तरी तुला बोलावून खरं सांगायला हवं होतं. माझ्या हातात होतं. मी उद्या उद्या केलं. तू आलीस तेव्हा तिला खाली घेतलं होतं. सगळ्यांनी तोंडात तुळशीचं पाणी सोडलं, मी पेला तुझ्यापुढं केला नि तू मान फिरवलीस. तेव्हा मी ओरडायला हवं होतं. मी पेला खाली ठेवला.

तू मला कैऱ्या पाठवतेस, माझं काळीज चांगलं म्हणतेस. ताय, मी तुझी पोर नेली, मग तुझी आय पण नेली. पहिलं चुकून झालं असं म्हणता येईल. दुसरं नाय म्हणता येणार.

फोनवर सांगितलं असतं, पण तिथं तू मधेच काही बोलली असतीस नि मी परत भातावर आले असते.

दोन तारखेला सकाळी सरिताच्या मांडवात मी गाणार आहे. दुसरी कोणी नाय म्हणून नाय. डब्याचं मी व्याह्यांना स्पष्ट नाय म्हणून सांगितलंय. कोंडूला बोलावीन. यंदा पहिल्यांदा आयेला बोलावीन. नि मग जे नाव ह्या अख्ख्या पत्रात मला लिहिता आलं नाय, ते घेईन. आज तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. आवाज फाटला. आयेसारखा फाटला, म्हणून जरा धीर आला.

ये गो ये सावळी, मावशीच्या मांडवाला.

बघ, लिहिलं.

तिच्या नावाचे तांदूळ ठेवायचा हक्क तुझा, माझा नाय. मी पानाला हात लावणार नाय. तू ये असं म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाय. आलीस नि मांडवात चारचौघांत माझ्या थोबाडीत मारलीस तरी सरिताला मी आधीच सांगून ठेवलंय, की मावशीला कुणी अडवायचं नाय. नाय आलीस तरी समजेन. फक्त आयेवरचा राग काढून टाक. तिच्या फोटोला एक पेलाभर पाणी दाखव, एवढंच मागते.

पण ती पदराची गाठ अजून सोडली नसशील, तर तेच तांदूळ घेऊन ये. तिचं नाव घेतल्यावर मी थांबेन. पानावर तांदूळ पडेपर्यंत पुढचं नाव घेणार नाय. मुहूर्त टळला तर टळू दे, व्याही रुसले तर रुसू देत. पोरीला पुन्हा बाहेर उभी करून मी गाणं उरकणार नाय.

"आलेच" म्हणून न आलेली,
कमळ