थंडच तर खाते मी!

१८ जानेवारी, रविवार

मंडळाचं हळदीकुंकू झालं. माझं आरोग्यावरचं भाषण एकदम हिट! अध्यक्षबाईंनी आधीच बजावलं होतं, "शुद्ध मराठीत हं, उगाच इंग्रजी फाडू नका." त्यामुळे इन्फ्लमेशनला शब्द शोधता शोधता जीव गेला. सूज म्हणावं तर पाय सुजल्यासारखं वाटतं. शेवटी 'दाह' सापडला. शरीरात आतल्या आत वर्षानुवर्षं चाललेला, न दिसणारा दाह, त्यातून मधुमेह, हृदयविकार वगैरे वगैरे. बायका माना डोलवत होत्या. वाण म्हणून जवसाच्या चटणीच्या पुड्या लुटल्या. तिळगूळ मात्र सगळ्यांनी खाल्ला. मीपण.

अक्का पहिल्या रांगेत. माझ्या नवऱ्याची, मकरंदची, मोठी बहीण. बेळगावहून लग्न होऊन इथल्या जुन्या चामराजपेट भागात आल्या त्याला आता एक जन्म लोटला. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "किती सरळ सांगितलंस गं. डॉक्टर बोलतात ते मला कधी कळलंच नव्हतं बघ." साखर काठावर आहे त्यांची, गुडघे दुखतात. यजमान साखरेनंच गेले, शेवटी डायलिसिस. "मला त्या मशीनवर नको गं जायला," हे एकच पालुपद. म्हटलं, अक्का, मी आहे ना!

घरी येईपर्यंत मी हवेत होते.

६ फेब्रुवारी

बेळ्ळंदूरला ऑफिसात, ऐन मीटिंगमध्ये अक्कांचा फोन. "दाहाला आवळा चालतो ना गं?" म्हटलं, उत्तम, रोज खा. "आणि थंड पडेल असं सगळं?" हो हो अक्का, नंतर करते फोन.

केला नाही.

१२ मार्च

टीममधल्या मुलीचा वाढदिवस. केक, वर पफ, वर परत केक. चालायला जाणं बंदच आहे, नाव ट्रॅफिकचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. जाऊ दे. सोमवारपासून.

१८ एप्रिल, शनिवार

अक्कांचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर काठावरून थेट आत. डॉक्टरांनी किडनीची तपासणीपण सांगितलीय. प्रसादचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा फोन, स्पीकरवर. "मामी, आई चोरून गोड खाते. दुसरं काय असणार? आमचं ऐकत नाही, तुम्ही बोला जरा."

आणि मी बोलले! "अक्का, जिभेला थोडा तरी लगाम नको का? एवढं घसा फोडून सांगितलं त्याचं काय झालं?" आणखीही बरंच.

पलीकडून कानडी वळणाचं बरं, "सरी गं."

फोन ठेवल्यावर वाटलं, बरं झालं, कुणीतरी स्पष्ट बोलायलाच हवं होतं.

१९ एप्रिल, रविवार

लिहायची लाज वाटतेय, तरी लिहिते.

सकाळी चामराजपेटला गेले. मकरंद म्हणाला होता, काल फार बोललीस, जाऊन ये. अक्का स्वयंपाकघरात एकट्या. मी गेल्या गेल्या म्हणाल्या, "ये, तूच बघ. चोरून काय खाते मी?" आणि फळीवरच्या बरण्या एकेक करून ओट्यावर मांडल्या. गुलकंद. मोरावळा. पाण्यात भिजवलेली खडीसाखर-बडीशेप. काळ्या मनुका.

"सगळं थंडच आहे की. मिरची सोडली, चहा सोडला, लोणचं बंद. तू दाह म्हणालीस ना, तेव्हापासून. आवळा तर तुला विचारून सुरू केला. स्वल्प स्वल्पच घेते, पण एक दिवस चुकवला नाही बघ."

अरे देवा.

दाह! आपल्याकडे पोटात आग पडली, लघवीला जळजळ झाली, की म्हणतात दाह. आणि दाहावर काय देतात? गुलकंद. माझ्या आजीनंही हेच दिलं असतं. मला एवढं साधं सुचू नये? सुचलं असतं तरी मी थांबले असते का, कोण जाणे. शब्द किती छान वाटत होता. आणि त्या फोनवर एक मिनिट दिलं असतं तर "आवळा म्हणजे मोरावळा का हो अक्का?" एवढं विचारून झालं असतं.

कसंबसं म्हटलं, अक्का, यात सगळी साखर आहे. त्यांनी गुलकंदाच्या बरणीकडे पाहिलं. "हो, पण ती औषधातली ना?"

मग मी विचारलं, काल प्रसादला का नाही सांगितलंत, मामीनं सांगितलं म्हणून?

"तुझं नाव कशाला घेऊ गं? चार लोकांत मान आहे तुझा."

तेवढ्यात प्रसादची बायको चहा घेऊन आली. बरण्या बघून म्हणाली, "बघा मामी, सापडला ना साठा!" अक्का बरण्या परत फळीवर लावायला लागल्या. आणि मी चहा प्यायले. चहा प्यायले मी!

२१ एप्रिल

मकरंदला सांगितलं. आधी हसला. मग माझं तोंड बघून "प्रसादला सांगून टाक," म्हणाला. सांगते म्हटलं. रविवारी अक्कांकडे जेवायला बोलावलंय, तेव्हा.

संध्याकाळी अध्यक्षबाईंचा फोन. महाराष्ट्र दिनाला परत बोला, तुमचा तो दाह फार गाजला. "आणि अहो, आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई गुलकंद घरीच करायला लागल्यात. रेसिपी ग्रुपवर टाकू का?"

टाकू नका म्हटलं. का, ते सांगितलं नाही.

२६ एप्रिल, रविवार

चामराजपेट. बदामी आंब्याचा रस केला होता. प्रसादनं अक्कांच्या ताटातली वाटी उचलून स्वतःकडे ठेवली, सगळ्यांसमोर, लहान पोराची उचलावी तशी. "मामी, तुम्हीच सांगा हिला."

अक्का म्हणाल्या, "सांग गं. तू सांगतेस तेच ऐकते मी."

सांगितलं. म्हणजे सुरुवात केली. "प्रसाद, आई चोरून खात नव्हती. चूक माझी आहे. मी दाह म्हणाले, त्यांना वाटलं उष्णता. मोरावळा माझ्यामुळे..."

प्रसाद हसला. "मामी, तुम्ही ना, फार चांगल्या आहात. उगाच हिला पाठीशी घालू नका."

त्याची बायकोही हसली. मी म्हटलं, नाही रे, खरंच. तर तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्ही सांगाल होय हिला गुलकंद खायला?" मी मकरंदकडे बघितलं. तो बोलायला लागला, पण अक्कांनीच हात केला. "पुरे. जेवा आता. माझीच जीभ वाईट."

यावर मी ओरडायला हवं होतं. ताटावरून उठायला हवं होतं. मी पोळी मोडली. माझी रसाची वाटी तशीच राहिली. तेवढंच काय ते माझं प्रायश्चित्त. प्रसादची बायको म्हणाली, "बघा आई, मामींचा कंट्रोल बघा."

किडनीचा रिपोर्ट मंगळवारी. निघताना अक्का जिन्यापर्यंत आल्या, गुडघा धरत. हळूच विचारलं, "ताक चालेल ना गं? का त्यानं दाह होईल?"

म्हटलं, अक्का, मला नका विचारू. डॉक्टरांना विचारू. मंगळवारी मी येते तुमच्याबरोबर. प्रसाद असेल ना तिथं?

"असेल की. पण तू ये. तू असलीस की मला धीर असतो."