तिने धरलेला आईचा हात

रविवार, संध्याकाळ. रत्नागिरी.

आईला समुद्र दाखवायचा म्हणून मीच आज दिवसभरासाठी गाडी आणि गाईड ठरवली. गाईड म्हणजे शैला, इथलीच, माझ्याहून बरीच लहान. आरे-वारे किनाऱ्याच्या उतारावर मी हात पुढे केला होता, तरी आईने तिचा धरला. मग दिवसभर तोच! लहानपणी भरतीत वाहून जाता जाता वाचल्याची गोष्टही तिलाच सांगितली. मला चाळीस वर्षांत कधी नाही. मी आपली पिशव्या घेऊन मागून चालत होते.

शैला म्हणाली, "सावकाश हां मावशी. समुद्र काय पळून जात नाय."

आई केवढी हसली. माझ्याबरोबर अशी कधी हसली होती? आठवत नाही.

खोलीवर आल्यावर विचारलंच, "माझा हात का नाही धरलास?"

"तू ओढतेस गं," आई सहज म्हणाली. "उद्याही तिलाच बोलव."

मी फोन घेऊन गॅलरीत गेले. नंबर लावलाच नाही. थोडा वेळ नुसती उभी राहिले आणि आत येऊन सांगितलं, "तिला उद्या वेळ नाही."