नववी-ब मधल्या एका शेऱ्याची दुरुस्ती

मी, श्रीमती बनाबाई पिराजी पोतदार, वय ७२, निवृत्त मराठी शिक्षिका, राहणार हुपरी, तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर, मागचा चांदीकामाचा कारखाना आणि पोस्टातली ठेव माझी एकुलती मुलगी स्वप्नाली हिला मिळावी. धाकटे दीर हक्क सांगायला येतील. त्यांना चहा द्यावा, बाकी काही देऊ नये.

२. पुस्तकं शाळेच्या वाचनालयाला. अलंकारांची माझी वही मात्र शाळेला नाही. उपमा, रूपक, अनुप्रास, सगळ्यांची उदाहरणं मी पैंजणांच्या धंद्यातून, इथल्या पोरांना कळतील अशी रचली होती. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ती स्वतःच्या नावानं छापली. ते आता नाहीत, पण मी माफ केलेलं नाही. वही स्वप्नालीला.

३. यजमानांची ऐरण, हातोड्या, चिमटे विकू नयेत. याचं कारण लिहिणं भाग आहे.

यजमान फेब्रुवारी २००३ मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात नववी-बच्या मुलांना मी चार ओळींची कविता लिहून आणायला सांगितली. स्वप्नाली त्याच वर्गात होती. तिनं लिहिलं, 'बाबा गेले, तरी दुपारी ऐरण गरमच असते.' मी ती ओळ वर्गासमोर वाचली आणि लाल पेनानं शेरा मारला: 'अतिशयोक्ती. भट्टी विझल्यावर ऐरण गरम राहत नाही. दहापैकी चार.' रडू फुटेल म्हणून मी कडक झाले होते. शाळेत ती मला बाईच म्हणायची. उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही हात लावून बघितलाय काय?"

मी म्हटलं, "खाली बस."

त्यानंतर तिनं लिहिलेलं मला कधी दाखवलं नाही. पुण्याहून रोज फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते. "काय लिहितेस का गं?" म्हटलं की, "न्हाय आई, वेळ कुठाय!"

यजमान गेल्यापासून मी कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या महिन्यात ऐरणीला गिऱ्हाईक आलं, म्हणून भर दुपारी आत गेले. उजेडासाठी यजमानांनी ऐरणीच्या बरोबर वर छपरात काचेचं कौल बसवलं होतं. त्यातून ऊन थेट ऐरणीवर पडत होतं. हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. मार्चात सकाळची शाळा असते. पोर दुपारी रोज इथं येऊन बसत असणार. बाप गेलेलं लेकरू, आणि मी त्याला अलंकार शिकवत होते.

४. कवितेचा तो कागद माझ्या ट्रंकेत आहे. शेरा खोडून खाली लिहिलं आहे: 'स्वभावोक्ती. जे जसं आहे, ते तसंच सांगितलं आहे.' स्वप्नाली, चूक माझी होती. फोनवर सांगायला जाते आणि गोळ्यांवरच बोलून ठेवते, याची लाज वाटते. नवे गुण दिलेले नाहीत. ते द्यायची माझी लायकी नाही.

५. काचेचं कौल काढू नये.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून शेजारच्या बाळाबाईंना मिक्सर कालच देऊन टाकला. दोन्ही साक्षीदारांनी आधी ऐरणीला हात लावावा, मग सही करावी, एवढी माझी अट होती.

ठिकाण: हुपरी, कारखान्यात, ऐरणीजवळ
दिनांक: ९ एप्रिल २०२५, दुपारी दीड
सही: बनाबाई पिराजी पोतदार

साक्षीदार:
१. विजयसिंह घाटगे, निवृत्त पोस्टमास्तर. हात लावून पाहिला. ऐरण गरम आहे.
२. बाळाबाई माने, शेजारीण. हात लावला. चटका बसतोय की. पोरगी खरं बोललीती.