पाठमोरा राजपुत्र

३ नोव्हेंबर

मी राजपुत्र! वनवासाला जाणारा, टाळ्या घेणारा, पोस्टरवरचा राजपुत्र — मी!

सकाळी तालमीच्या खोलीत बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कंपनी त्यांची, दिग्दर्शन त्यांचं, त्यामुळे कुणी चकार शब्द काढला नाही. यंदा वनवासाच्या नाटकात राजपुत्र मी, आणि राजपुत्राचा धाकटा भाऊ दादा. सरळ अदलाबदल. इतकी वर्षं दादा राजपुत्र होता, आणि मी त्याच्यामागे अरण्यात जाऊन 'परत चल, सिंहासन तुझंच आहे' म्हणून पायाशी बसणारा भाऊ.

हे आईने मागून घेतलंय. सगळ्यांना ठाऊक आहे. दादा तिचा सावत्र मुलगा, मी पोटचा. नाटकातली राणी तरी दुसरं काय करते? आपल्या मुलाला गादी आणि सवतीच्या मुलाला अरण्य! प्रॉम्प्टर काका चहा ढवळत म्हणालेच, "चला, यंदा नाटक घरापासूनच सुरू झालं."

दादा नुसता "बरं" म्हणाला.

नाटकातला धाकटा भाऊ गादी नाकारतो. नाकारण्याचं वाक्य न् वाक्य मला पाठ आहे. आज एकही आठवलं नाही. उलट मनात उकळ्या फुटत होत्या. लाज वाटते लिहायला, पण फुटत होत्या.

४ नोव्हेंबर

दादाशी बोलायचं होतं. जिन्यात समोरासमोर गाठही पडली. "जेवलास का?" एवढं विचारून सटकलो.

७ नोव्हेंबर

कपडेपटाच्या खोलीत आईने मला स्टुलावर उभं केलं. दादाचा अंगरखा माझ्या मापाचा करायचा होता. दादा रुंद, मी काटकुळा. दोन्ही बाजूंनी कापड आत घालत चालली होती. तोंडात टाचण्या धरलेल्या.

मी म्हटलं, "आई, लोक काय म्हणतायत माहितीये ना? नाटकातल्या राणीचं काम आता तूच कर म्हणावं."

टाचण्या हातात काढून घेऊन म्हणाली, "म्हणू देत. हात वर कर."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. तू बारीक झालायस असं वाटतं. हात वर कर म्हटलं ना!"

मी हात वर केले. अंगरखा नको असं म्हणायला तोंड कुणी धरलं होतं का माझं? सगळा राग तिच्यावर काढून मोकळा झालो आणि अंगरखा मात्र घातला. आरशात वळूनही पाहिलं. मागून छान बसलाय.

१२ नोव्हेंबर

अरण्यातल्या प्रवेशाची तालीम. दादा माझ्या पायाशी गुडघे टेकून बसतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा माणूस! "परत चल," म्हणतो. "तुझ्या जागेवर बसायचा मला अधिकार नाही." आणि मी, त्याच्याच जागेवर उभा राहून, थोर तोंड करून त्यागावर बोलतो!

पण त्याची ती नजर. डोळे माझ्या तोंडावर असे रोखतो की पापणी लवत नाही. एक एक शब्द जणू तपासून घेतोय. दोनदा वाक्य विसरलो.

संपल्यावर तो कमरेचा शेला सोडत होता, माझ्याकडे पाठ करून. तेव्हा कसाबसा म्हणालो, "दादा, मला हे नको होतं रे." अर्धं खोटंच होतं, पण म्हणालो तरी. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेल्याची घडी घातली आणि निघून गेला.

बरोबरच आहे त्याचं.

१५ नोव्हेंबर

बाबांना सुचवलं — त्या प्रवेशात राजपुत्र पाठमोरा उभा राहिला तर? डोळ्यांतलं पाणी भावाला दिसू नये म्हणून. मला वाटलं, खूश होतील.

"नको," म्हणाले. "समोरासमोरच."

"पण बाबा, जास्त परिणाम—"

"समोरासमोर म्हटलं ना!" केवढ्याने ओरडले!

खरं कारण त्यांना कसं सांगणार? दादाच्या नजरेला नजर देणं जमत नाही हो माझ्याच्याने.

२० नोव्हेंबर

पहिला प्रयोग. माझं काम ठीक. ठीकच. शिट्टी नाही, हुंदका नाही. आणि दादा अरण्यात येऊन गुडघ्यांवर बसला मात्र, सगळं थिएटर चिडीचूप! पडदा पडल्यावर लोक विंगेत आले ते त्याला भेटायला. एक बाई रडत त्याचे हात धरून उभी होती. मी शेजारीच, मुकुट काखोटीला मारून. मला विचारते, "बाथरूम कुठेय हो?"

त्याची गादी घेतली, त्याचा अंगरखा घेतला, आणि त्याला उरलेल्या त्या एवढ्याशा कामात मिळालेल्या टाळ्याही मला बघवेनात! किती हलकं असावं माणसाने.

२१ नोव्हेंबर

केलं मी ते.

दुसऱ्या प्रयोगात दादा पायाशी बसला, नजर वर केली, आणि मला सहन झालं नाही. पाठ फिरवली. बाबा विंगेतून हातवारे करत होते, मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तसाच पाठमोरा बोललो, "भावा, दिलेला शब्द मोडून कुठलं राज्य करू?"

यानंतर दादाचं वाक्य. आलंच नाही.

मी पुन्हा म्हटलं. शांतता. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. प्रॉम्प्टर काका आधी कुजबुजले, मग एवढ्या मोठ्याने बोलले की बाल्कनीपर्यंत गेलं असेल. दादा ढिम्म! शेवटी तो उठला, मला वळसा घालून समोर आला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भलतंच वाक्य म्हणाला — पुढच्या पानावरचं. नाटक पार आडवं झालं.

मेकअपच्या खोलीत मी त्याच्यावर तुटून पडलो. "मुद्दाम केलंस! लोकांसमोर मला पाडायला!" त्याच्या तोंडावर ओरडलो. रंग पुसणारी माणसं तशीच थांबली.

दादा म्हणाला, "चुकलं माझं."

आई दारात उभी होती. काही बोलायला तोंड उघडलं तिने. दादाने मान हलवली, नको म्हणून. मग मी तिच्यावर घसरलो, "तू गप्पच राहा. ही सगळी आग तूच लावलीयस!"

गप्पच राहिली.

२२ नोव्हेंबर

दादाने बाबांना सांगितलं, "यापुढे स्टेज नको. मी कपडेपट सांभाळतो." सकाळपासून आईशेजारी बसून मुकुटांचे निघालेले खडे चिकटवतोय. इतकी वर्षं लोक त्याला बघायला तिकीट काढत होते!

मी घालवला त्याला. आईने नुसती अदलाबदल केली होती, अरण्यात मी पाठवला.

२३ नोव्हेंबर

बाबांकडे गेलो. "राजपुत्र दादालाच द्या. मी माझं जुनं काम करतो." बोलताना जरा मोठेपणाही वाटला, खोटं कशाला बोलू. वाटलं, पाठ थोपटतील.

बाबा म्हणाले, "आईला जाऊन विचार. आणि नीट विचार, ओरडू नकोस तिच्यावर."

२४ नोव्हेंबर

दादाला ऐकू येत नाही. दोन वर्षं कमी होत होतं, आता जवळजवळ गेलंय. दरबाराच्या प्रवेशात राजा मागून बोलतो, ललकारी आतून येते — राजपुत्र करणं शक्यच नव्हतं. धाकट्या भावाचं काम तेवढं जमलं असतं, समोरच्याचे ओठ बघून. अदलाबदल त्यानेच मागितली. आईला म्हणाला होता, "तू मागून घेतलंस असं सांग. लोक तुला नावं ठेवतील, पण माझी कीव तरी कुणी करणार नाही." तिने नावं ठेवून घेतली. माझ्याकडूनसुद्धा.

दादासमोर जाऊन बसलो. त्याची माफी खाली मान घालून मागता येत नाही. मान वर केली.